आपल्या तालुक्याचा खडक

भूशास्त्राच्या पदवी वर्गात प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ आली की महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. राजस्थानात संगमरवर आहे, कच्छमध्ये अमोनाइटचे जीवाश्म आहेत, स्पितीच्या खोऱ्यात जुन्या समुद्राचा तळ डोंगर होऊन उभा आहे. आपल्याकडे मात्र जावे तिथे काळा दगड. तक्रार निराधार नाही. राज्याच्या ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात जमिनीखाली बेसॉल्टच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा उसळत राहिला, प्रवाहावर प्रवाह साचले, आणि लाखो वर्षांच्या झिजेनंतर उरलेले त्यांचे क्षेत्र आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते. सह्याद्रीच्या कड्यांत या थरांची जाडी दीड किलोमीटरहून अधिक आहे. नाशिकहून निघून साताऱ्यापर्यंत गेले तरी खडकाचे नाव बदलत नाही.

पण नाव एक असले म्हणून खडक एक नसतो. या काळ्या दगडाबद्दलचे काही मोठे वाद अजून मिटलेले नाहीत, आणि ज्या खुणांवरून ते सुटायचे त्यातल्या कितीतरी खुणा घाटरस्त्याच्या कडेला, विहिरीच्या भिंतीत आणि खडीच्या खाणीच्या तोंडाशी उघड्या पडलेल्या आहेत. तिथवर एसटीने जाता येते. पदवीच्या विद्यार्थ्याजवळ पैसा नसतो, महागडी यंत्रे नसतात, वेळही फार तर दोन सत्रांचा. मात्र एका लहानशा जागी पुन्हा पुन्हा जाणे त्याला परवडते, आणि मोठ्या संशोधकाला नेमके तेच परवडत नाही. पदवीच्या प्रकल्पाची खरी ताकद इथे आहे. विषय लहान असावा, चालत जाऊन सुटेल एवढाच असावा, आणि त्यातले निरीक्षण आपल्याआधी कोणी केलेले नसावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर या गोष्टीला वेगळे महत्त्व आले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग घेता येतो, आणि त्यात १२ श्रेयांकांचा प्रकल्प असतो. पूर्वी जे काम बहुतेकांच्या वाट्याला एम.एस्सी.ला येत असे, ते आता विशीतल्या मुलामुलींपुढे आले आहे. परदेशात ही परंपरा जुनी आहे. ब्रिटनमध्ये भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने काही आठवडे एखाद्या डोंगराळ भागात राहून स्वतःच्या हाताने नकाशा करायचा, हा पदवीचा जणू संस्कारच मानला जातो. अमेरिकेत १९८७ साली काही लहान महाविद्यालयांनी मिळून केक जिऑलॉजी कन्सोर्शियम उभे केले. वेगवेगळ्या महाविद्यालयांतले विद्यार्थी आणि शिक्षक उन्हाळ्यात एका ठिकाणी एकत्र काम करतात, मग प्रत्येक जण आपापला तुकडा घेऊन वर्षभर त्यावर मेहनत करतो आणि शेवटी सगळे आपले निष्कर्ष एकमेकांसमोर मांडतात. आपल्याकडेही शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांनी एक घाट वाटून घ्यायला काही अडचण नसावी.

घाटच का, हे आधी पाहू. सपाटीवर खडक माती-मुरमाखाली गाडलेला असतो; घाटात रस्ता खणताना तो ताजा कापला जातो आणि तळापासून माथ्यापर्यंत शेकडो मीटरची उभी चीर हाती लागते. सह्याद्रीतल्या बेसॉल्टचे जे गट शास्त्रज्ञांनी पाडले, त्यांची नावे वाचली तर ती आपल्या प्रवासाची ठिकाणेच आहेत : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. हे गट डोळ्यांना सहसा वेगळे दिसत नाहीत. त्यांच्यातला फरक रासायनिक आहे. बुशे गटाच्या लाव्हात वर येताना भूकवचाचा अंश बराच मिसळला, आंबेनळी गटाच्या लाव्हात तो सर्वांत कमी मिसळला. असली रासायनिक तपासणी पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची असते. डोळ्यांना दिसणारे मात्र पुष्कळ असते.

एक प्रवाह तळापासून वर पाहत गेले तर त्याची रचना कळते. अगदी तळाशी, खालच्या थंड जमिनीला टेकलेल्या भागात, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या दिसतात. वायूचे बुडबुडे वर सरकताना त्या तयार झाल्या आणि लाव्हा पुढे सरकत असेल तर त्या त्याच दिशेला कलल्या. मधला भाग घट्ट, भरीव. तो सावकाश निवताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या. ही आकसण्याची क्रिया सर्वत्र सारखी झाली तर बहुकोनी खांब तयार होतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर ते पाहता येतात. वरचा भाग पुन्हा सच्छिद्र, बुडबुड्यांनी भरलेला, अनेकदा तांबूस. याच्यावर दुसऱ्या प्रवाहाचा तळ. एवढे ओळखता आले की विद्यार्थी घाट चढता चढता प्रवाह मोजू शकतो, प्रत्येकाची जाडी टिपू शकतो, कलत्या नळ्यांची दिशा होकायंत्राने घेऊ शकतो. पुरेशा नळ्या मोजल्या की त्या ठिकाणी लाव्हा कुठून कुठे वाहत होता, याबद्दल काहीतरी ठाम बोलता येते. हा संपूर्ण प्रकल्प हातोडा, होकायंत्र, दहापट मोठे दाखवणारे भिंग, वही आणि कॅमेरा यांवर होतो.

यातला अवघड भाग थरांचा उतार काढण्याचा आहे, आणि मला तो फार शिकवणारा वाटतो. सह्याद्रीतले थर आडवे दिसतात, पण अगदी आडवे नाहीत. अनेक ठिकाणी त्यांचा उतार एका अंशाहून कमी आहे. खडबडीत पृष्ठभागावर कोनमापक ठेवून अर्धा अंश मोजता येत नाही. मग एकच थर दूरदूरच्या तीन ठिकाणी ओळखायचा, तिन्ही ठिकाणची समुद्रसपाटीपासूनची उंची काढायची आणि भूमितीने उतार मांडायचा. अर्ध्या अंशाच्या उतारात १० किलोमीटरवर थर सुमारे ८७ मीटर खाली जातो. मोबाइलमधले जीपीएस उंचीत सहज दहा-वीस मीटर चुकते, म्हणजे तीन ठिकाणे किलोमीटरभर अंतरात घेतली तर उत्तराला काही अर्थ उरत नाही. आपल्या मोजमापात चूक किती, आणि जे शोधायचे ते त्या चुकीपेक्षा मोठे आहे का, हा प्रश्न विज्ञानाच्या प्रत्येक शाखेत येतो. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो डोंगर चढून विचारावा लागतो, म्हणून तो अंगी लागतो.

एकच थर दूरवर ओळखायचा तर त्याला खूण हवी. निसर्गाने ती दिली आहे. काही प्रवाहांत प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारचे पांढुरके स्फटिक काही सेंटिमीटर लांबीचे वाढलेले असतात, काळ्या खडकात आडवेतिडवे विखुरलेले. भूशास्त्रज्ञ या प्रवाहांना जायंट प्लॅजिओक्लेज बेसॉल्ट म्हणतात. मंचर, काशेळे अशी गावांची नावे त्यांना दिलेली आहेत. असा थर एका डोंगरावर सापडला आणि दरीपलीकडच्या डोंगरावर अपेक्षेपेक्षा बराच खाली सापडला, तर मध्ये काय झाले? उतार आहे, प्रस्तरभंग आहे, की हे दोन वेगळेच प्रवाह आहेत? या प्रश्नावर एक हिवाळा सहज जावा. हिवाळाच, कारण पावसात घाटात दरडी कोसळतात आणि पाऊस संपल्या संपल्या गवत उंच असते. ते वाळून बसले की खडक दिसू लागतो.

दोन प्रवाहांच्या मधल्या तांबड्या थराकडे मात्र विद्यार्थी हटकून दुर्लक्ष करतात. रेड बोल नावाने ओळखला जाणारा हा थर मऊ असतो, हातोड्याने भुगा होतो, नमुना नीट मिळत नाही. कधी तो काही सेंटिमीटरचा असतो, कधी मीटरभराचा. तो म्हणजे दोन उद्रेकांमधल्या काळात झिजलेली जमीन की कुठून तरी उडून आलेली ज्वालामुखी राख, यावर मतभेद आहेत, आणि प्रत्येक ठिकाणचे उत्तर एकच असेल असेही नाही. याच थराने या बेसॉल्टच्या, म्हणजे डेक्कन ट्रॅपच्या, वयाच्या प्रश्नाला वेगळे वळण दिले. बेसॉल्टमध्ये झिरकॉन हे खनिज फारसे सापडत नाही, आणि युरेनियम-शिसे पद्धतीने अचूक वय काढायला झिरकॉनच लागते. संशोधकांच्या एका गटाने ते या तांबड्या थरांमध्ये शोधले : राखेबरोबर येऊन पडलेले सूक्ष्म स्फटिक. फेब्रुवारी २०१९मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. झिरकॉनवर काम करणाऱ्यांनी मांडले की उद्रेक काही मोठ्या उसळ्यांत झाले आणि त्यातली एक उसळी डायनोसॉरांच्या विनाशाच्या थोडी आधीची होती. आर्गॉन पद्धतीने थेट बेसॉल्टचे वय काढणाऱ्यांच्या मते बहुतांश लाव्हा त्या विनाशानंतर बाहेर पडला. मेक्सिकोतल्या चिक्शुलूबला अशनी आदळली तीही याच काळात, तेव्हा कोणाचा वाटा किती, हा वाद या तारखांवर उभा आहे. आपल्या घाटातला जो थर आपण चार पावलांत ओलांडून जातो, त्यावर जगभरातल्या प्रयोगशाळा वाद घालत आहेत. झिरकॉन वेगळे काढणे विद्यार्थ्याला जमणार नाही. पण एका घाटात असे किती थर आहेत, प्रत्येक किती जाड आहे, त्याची वरची कड भाजल्यासारखी कडक आहे का, खालच्या प्रवाहाशी त्याची सीमा तीव्र आहे की हळूहळू बदलणारी, हे नोंदवणे जमते, आणि पुढे नमुना घ्यायला येणाऱ्याला नेमके हेच हवे असते.

प्रश्न मनात नसेल तर समोरचे दिसत नाही, याचे उदाहरण म्हणून चार्ल्स डार्विनकडे पाहावे. १८३१च्या ऑगस्टमध्ये, केंब्रिजचे शिक्षण नुकतेच संपवलेला २२ वर्षांचा डार्विन प्राध्यापक ॲडम सेजविक यांच्याबरोबर उत्तर वेल्सच्या डोंगरांत भूशास्त्र शिकायला गेला होता. क्वम इडवल नावाच्या दरीत दोघांनी जीवाश्मांच्या शोधात खडक बारकाईने तपासले. त्या दरीत हिमनदीने घासलेले खडक, वाहून आणून ठेवलेले प्रचंड धोंडे, राडारोड्याचे बांध सगळे समोर होते. दोघांपैकी एकालाही ते दिसले नाही, असे डार्विनने आत्मचरित्रात नमूद करून ठेवले आहे. हिमयुगाची कल्पना तेव्हा रुजलेलीच नव्हती. ती रुजल्यावर १८४२ साली तो पुन्हा त्या भागात गेला आणि तिथल्या प्राचीन हिमनद्यांवर त्याने निबंध लिहिला. म्हणून प्रकल्पाला निघण्याआधी वाचन हवे. खडकाला काय विचारायचे ते वाचनातून ठरते.

आता डोंगरावरून खाली शेतात येऊ, कारण महाराष्ट्रात पदवीच्या प्रकल्पाचा सर्वांत उपयोगी विषय विहिरीत आहे. साधी खोदलेली विहीर म्हणजे भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला फुकट मिळालेला दहा-पंधरा मीटरचा छेद. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण. विहीर खणणाऱ्या माणसांचे हे शब्द वर्गात क्वचितच ऐकू येतात, पण त्यांनी खडकाची वर्गवारी अचूक केलेली आहे. मांजऱ्या म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेला, लवकर झिजणारा बेसॉल्ट. झिजलेल्या अवस्थेत तो पाणी धरतो. काळा पाषाण घट्ट. त्यात पाणी असलेच तर भेगांपुरते. विहिरीला पाणी लागणार की नाही ते या दोघांच्या क्रमावर आणि भेगांच्या जाळ्यावर अवलंबून असते.

काम साधे दिसते. एका पाणलोटातल्या तीस-चाळीस विहिरी निवडायच्या, नकाशावर मांडायच्या, मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर पाण्याची पातळी मोजायची, भिंतीतल्या खडकांचे चित्र काढायचे, जमल्यास पाण्याची विद्युतवाहकता टिपायची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींवर असेच मोजमाप नियमित करते, पण त्यांच्या विहिरी संपूर्ण राज्यात विखुरलेल्या आहेत. एका गावाच्या शिवारात त्यातली एखादीच असते. विद्यार्थ्याचे जाळे दाट असते आणि त्यातून वेगळेच चित्र निघते. शेजारशेजारच्या दोन विहिरींच्या पातळीत कित्येक मीटरचा फरक असू शकतो, कारण एकीचा तळ तांबड्या थराच्या वर थांबलेला असतो आणि दुसरीचा त्याला भेदून खाली गेलेला. तांबडा थर पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. डोंगरउतारावर तोच थर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. हे समजून न घेता संगणकाने सगळ्या पातळ्यांना जोडून रेषा काढल्या तर नकाशा देखणा होतो आणि चुकीचा.

साधे दिसणाऱ्या या कामात कस लागतो तो माणसांशी बोलण्यात. पातळी मोजण्याआधी मोटार किती वेळ बंद होती ते कळायला हवे, नाहीतर उपशाने खाली गेलेले पाणी आपण भूजलाची पातळी म्हणून लिहून बसतो. म्हणून बांधावर जाऊन विचारावे लागते, "काका, मोटार कधी बंद केली?" काका आधी विचारतात, "कुठल्या ऑफिसातनं आलाय?" कॉलेजातून आलो, अभ्यासाला, हे पटवून द्यावे लागते. पटले की मग वीज रात्रीची असते, पंप पहाटे चारला थांबला, दुष्काळात विहीर आणखी दोन पुरुष खाली नेली, तेव्हा सुरुंगाला तांबडी माती लागली, अशी माहिती एका दमात मिळते. ती कुठल्याही अहवालात नसते. विद्यार्थिनी एकटी शिवारात हिंडते तेव्हा काकूंशी ओळख आधी करून घेणे शहाणपणाचे, हेही इथेच शिकायला मिळते. जोडीने जाणे तर नियमच असावा.

प्रयोगशाळेतला भाग मी थोडक्यात सांगतो, तो महत्त्वाचा नाही म्हणून नव्हे, तर तो बहुतेक पुस्तकांत असतोच. मुठीएवढा ताजा नमुना, त्यावर क्रमांक, वहीत जागा आणि दिशा. त्याची चकती कापून काचेवर चिकटवायची आणि कार्बोरंडमच्या भुकटीवर घासत ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत आणायची. एवढ्या पातळ कापातून काळा बेसॉल्टही प्रकाश जाऊ देतो. ध्रुवीभवन सूक्ष्मदर्शकाखाली प्लॅजिओक्लेजचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे स्फटिक आणि त्यांच्यामध्ये रंगीत पायरोक्सीन दिसले की पहिल्यांदा पाहणारे मूल आणि आजोबा सारखेच थक्क होतात. काप जाड राहिला तर प्लॅजिओक्लेजचा करडा-पांढरा रंग पिवळसर होतो. जाडी तपासायची तीच खूण. पोकळ्यांतल्या पांढऱ्या खनिजाला झिओलाइट म्हणून मोकळे होण्याची घाई करू नये. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. फसफसले तर ते कॅल्साइट. काचेवर ओरखडा उठला तर क्वार्ट्‌झ. उरले तर स्टिलबाइट, हेयुलंडाइट, अपोफिलाइट यांचा विचार. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. पण ते खडकात कुठल्या खनिजानंतर आणि कुठल्याआधी वाढले हे सांगण्यासाठी ते पोकळीत जसे होते तसे पाहावे लागते, आणि सुटे करून विकलेल्या स्फटिकावरून ते कळत नाही.

वाईट प्रकल्पही ओळखायला शिकले पाहिजे, कारण तेच जास्त होतात. 'अमुक तालुक्याचे भूशास्त्र' असे शीर्षक, पहिली चाळीस पाने जुन्या प्रबंधांतून उचललेली, मग उपग्रहाच्या चित्रावरून संगणकावर रंगवलेले सात नकाशे आणि शेवटी तीन नमुन्यांच्या पृथक्करणावरून साऱ्या तालुक्याबद्दल निष्कर्ष. यात विद्यार्थ्याचा दोष कमी आहे. त्याला तालुका दिला गेला, प्रश्न दिला गेला नाही. उपग्रहाची चित्रे मला नकोत असे नाही. रेषाकृती डाइक, म्हणजे भेगेत थिजलेल्या लाव्हाच्या भिंती, शोधायला त्यांच्यासारखे साधन नाही. पण चित्रात दिसलेली काळी रेघ डाइक आहे की बांधावरची झाडे, हे तिथे जाऊन पाहिल्याशिवाय नकाशावर उतरवणे हे शास्त्र नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि एक जबाबदारी शिक्षकांची आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरशरमध्ये चार्नवुड फॉरेस्ट नावाचा भाग आहे. तिथले खडक कँब्रियनपूर्व काळातले, आणि इतक्या जुन्या खडकांत जीवाश्म नसतात अशी तेव्हा समजूत होती. १९५६ साली टीना नीगस या १५ वर्षांच्या मुलीला तिथल्या एका खाणीत पानासारखा एक ठसा दिसला. तिने शिक्षिकेला सांगितले. त्या खडकांत जीवाश्म नसतात, असे उत्तर मिळाले आणि विषय संपला. पुढच्याच वर्षी रॉजर मेसन या शाळकरी मुलाला तोच ठसा सापडला. त्याच्या वडिलांची लेस्टर विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ ट्रेव्हर फोर्ड यांच्याशी ओळख होती. फोर्ड स्वतः खाणीत गेले, त्यांनी पाहिले आणि १९५८ साली त्या जीवाला चार्निया मेसनाय हे नाव दिले. कँब्रियनपूर्व काळात मोठ्या आकाराचे सजीव होते, याचा तो पक्का पुरावा ठरला. मेसन पुढे स्वतः भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. नीगस यांचा वाटा मान्य व्हायला अनेक वर्षे लागली. दोन्ही मुलांचे डोळे सारखेच तीक्ष्ण होते. फरक एवढाच की एकाचे ऐकून कोणीतरी जाऊन पाहिले. मार्गदर्शक प्राध्यापकाने निदान एकदा तरी विद्यार्थ्याबरोबर त्याच्या जागी जावे, अशी अपेक्षा ठेवणे म्हणूनच जास्त नाही.

शेवटी अहवाल बांधला जातो, तोंडी परीक्षा होते आणि प्रत विभागाच्या कपाटात जाते. या टप्प्यावर तीन गोष्टी करता येतील, खर्चाशिवाय. नमुने क्रमांकासह विभागात जपून ठेवावेत, म्हणजे पुढच्या तुकडीला त्याच घाटात पुढचे काम करता येईल आणि कोणाला मागच्यांचे निष्कर्ष तपासायचे असतील तर दगड हाताशी असेल. मोजमापांचा तक्ता, त्यांत चूक किती असू शकते याच्या अंदाजासह, अहवालापासून वेगळा आणि कोणालाही वाचता येईल असा ठेवावा. आणि विहिरींचा नकाशा एका पानावर मराठीत काढून ग्रामपंचायतीला द्यावा : कुठल्या विहिरी एकाच थरातून पाणी घेतात, तांबडा थर किती खोलीवर आहे, मे महिन्यात पाणी कुठे टिकले. नवी विहीर कुठे घ्यायची याचा ठराव ग्रामसभेत येतो तेव्हा तो कागद भिंतीवर लावलेला असावा, आणि ज्या मुलीने तो काढला तिला ग्रामसभेत उभे राहून तो समजावून सांगायला बोलावलेले असावे. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले नसतील असे प्रश्न तिथे विचारले जातात.